मस्ती कोणाची आणि गुन्हा कोणाचा?

मोहोळचा मल्ल सिकंदर शेख याला २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पंजाब पोलिसांनी शस्त्रपुरवठ्याच्या एका प्रकरणात अटक केली. मोहोळ हा आमच्या शेजारचा तालुका. बातमी करकंबच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. बाजार आमटीच्या पातेल्याभोवती बसलेल्या माणसांत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावच्या मैदानावर याच सिकंदरने शिवराज राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली होती. ‘आपल्या सोलापूरचा वाघ’ म्हणून ज्यांनी तेव्हा फलक लावले, त्यांतल्याच काहींनी आता ‘पोरगं वाया गेलं’ असा शेरा मारून विषय संपवला. आडनाव वाचूनच निकाल देऊन मोकळे झालेलेही होते. दुसरीकडे, त्याला गोवले आहे असे सांगत घरचे लोक धावपळ करीत होते. राज्यातील काही पुढाऱ्यांनी त्याच्या बाजूने आवाज उठवला आणि नोव्हेंबरात त्याला जामीन मिळाला.

अटक म्हणजे गुन्हा नव्हे आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. त्याने काय केले आणि काय केले नाही हे न्यायालय ठरवील. आमचा सवाल वेगळा आहे. हमाली करणाऱ्या बापाचा हा पोरगा मोहोळमधून उठून कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेला, घाम गाळून मोठा झाला, आणि त्याच्या गदेवर शंभर हातांनी हक्क सांगितला. तालीम, संघटना, आयोजक, पुढारी, गाव, सगळे त्या छायाचित्रात होते. मग अशा पोरावर आखाड्याबाहेरचा आरोप आला, तर या शंभर हातांनी काय करायचे याचा एखादा नियम कुठे लिहून ठेवला आहे काय? चौकशी कोण करील, त्याचे म्हणणे कोण ऐकून घेईल, वकील कोण देईल, आणि आरोप खरा निघाला तर किती दिवस त्याला मैदानाबाहेर ठेवायचे? नियमाच्या जागी मर्जी बसली की काय होते, हे महाराष्ट्रातील खेळाच्या मैदानांनी गेली पंधरा वर्षे वारंवार दाखवले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आमच्या भागातला पैलवान कसा घडतो ते पाहू. शहरातल्या वाचकाला ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हटले की लिलाव, करार, व्यवस्थापक आणि जाहिराती दिसतात. करकंब, भोसे, मोहोळ, मंगळवेढा या पट्ट्यातला व्यावसायिक खेळाडू म्हणजे पैलवान. दहा-बारा वर्षांचे पोर तालमीत टाकले जाते. शाळा तिथेच मागे पडते. पहाटे उठून जोर-बैठका, मेहनत, मग दूध, तूप, बदाम, थंडाई. हा खुराक शेतमजुराच्या, हमालाच्या घराला परवडणारा नाही. मग बाप कर्ज काढतो, मामा मदत करतो, गावातला एखादा सधन माणूस दुधाचा रतीब लावून देतो. हा रतीब फुकट नसतो. पोरगे पुढे आले की त्या माणसाच्या फलकावर त्याचा फोटो लागतो, त्याच्या प्रचारात ते उभे राहते, त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसते.

दिवाळीनंतर फड सुरू होतात ते थेट चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात झालेले पोरगे चार-पाच वर्षांत लाखाच्या इनामाच्या कुस्तीला उभे राहते. हलगी वाजते, फेटा बांधला जातो, इनामाच्या नोटा रोख हातात पडतात. बँकेचे खाते, कर, हिशेब हे शब्द त्याला कोणी शिकवलेले नसतात. वीस-बावीस वर्षांच्या वयात हातात रोकड, अंगात ताकद, मागे पंचवीस जणांचा घोळका आणि पावसाळ्यात चार-पाच महिने कुस्ती नाही. गुडघा गेला तर सगळेच संपले. अशा पोराभोवती कोण जमतात? जमिनीचे व्यवहार करणारे, वसुली करणारे, वाळूवाले आणि निवडणुकीत दंडेली करायला माणसे शोधणारे. त्यांना पैलवानाच्या डावपेचांशी काही घेणे नसते, त्यांना त्याची मान आणि छाती हवी असते. वस्तादाला हे दिसत नाही असे नाही. पण वस्ताद कुस्ती शिकवतो. आखाड्याच्या दाराबाहेरचा पोरगा कोणाचा, याचे उत्तर तालमीच्या परंपरेत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे केले. राजाश्रयात मल्लाच्या पोटाची जबाबदारी दरबाराची असे. आज राजाश्रय गेला, त्या जागी पुढाऱ्याचा आश्रय आला. जबाबदारी मात्र कोणाकडेच आली नाही.

संघटना काहीच करीत नाहीत असेही नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला. शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत आमच्याच जिल्ह्यातला महेंद्र गायकवाड निर्णय न पटल्याने मैदान सोडून गेला. राज्य कुस्तीगीर संघाने दोघांवर ३ वर्षांची बंदी जाहीर केली. पंचावर हात टाकणे अक्षम्यच आहे, त्याबद्दल आम्ही कोणाची वकिली करणार नाही. पण हजारो प्रेक्षकांसमोर संघाची अब्रू गेली की शिक्षा तत्काळ होते, आणि आखाड्याबाहेर पोरगे वर्षानुवर्षे घसरत असते तेव्हा कोणाच्या कपाळावर आठी उमटत नाही. शिवाय लाथ मारणारा आणि मैदान सोडणारा या दोघांना एकच माप कसे लागले? कुस्ती अर्धवट सोडणे आणि माणसाला लाथ घालणे या दोन गोष्टींत फरक करणारा तक्ता आधी लिहिलेला असता, तर हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागला नसता.

आता पैशाच्या खेळाकडे वळू. तिथे तरी वकील आहेत, करार आहेत, कोट्यवधीची उलाढाल आहे. तिथे काय चालते?

२० मे २०१२ च्या रात्री मुंबईत जुहूच्या एका हॉटेलातील पार्टीवर पोलिसांनी छापा घातला. ताब्यात घेतलेल्यांत पुणे वॉरियर्सचे दोन खेळाडू होते, राहुल शर्मा आणि दक्षिण आफ्रिकेचा वेन पार्नेल. आपण वाढदिवसाला गेलो होतो असे त्यांचे म्हणणे. अमली पदार्थांच्या तपासणीचे अहवाल जुलैत आले, ते दोघांच्या विरोधात होते. तोवर स्पर्धा संपून दोन महिने होत आले होते, मालकांचा हंगाम वसूल झाला होता. त्याच महिन्यात दिल्लीच्या एका हॉटेलात बंगळूरच्या संघातील एका परदेशी खेळाडूवर विनयभंगाची तक्रार झाली. संघाने त्याला बाजूला केले, इथवर ठीक. पण त्याच संघाच्या मालकाच्या मुलाने तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या चारित्र्यावरच जाहीर शेरेबाजी केली! पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले. तक्रार करणारी बाई परकी आणि खेळाडू लाखमोलाचा, मग क्लबचे घर कोणाच्या बाजूने उभे राहते ते त्या एका शेऱ्याने उघड केले.

२०१३ चा प्रकार तर याहून भयंकर. यजुवेंद्र चहल तेव्हा मुंबई इंडियन्समध्ये कोवळा, नवखा खेळाडू होता. बंगळूरच्या हॉटेलात दारू प्यायलेल्या एका सहकाऱ्याने त्याला पंधराव्या मजल्याच्या सज्जाबाहेर लटकवले. जरा हात सुटला असता तर पोरगा गेला असता. ही गोष्ट जगाला कळली केव्हा? एप्रिल २०२२ मध्ये, तीही चहलने स्वतः सांगितली म्हणून! नऊ वर्षे हा पोरगा गप्प राहिला. एखाद्या वसतिगृहात असे घडले असते तर त्याला रॅगिंग म्हटले असते आणि राज्यात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. खेळाच्या क्लबात मात्र तो ‘मुलांचा दंगा’ ठरतो. नवख्या खेळाडूने तक्रार करायची कोणाकडे? ज्यांच्या मर्जीवर उद्याचा संघ ठरतो, त्यांच्याचकडे. मग तो तोंड उघडेल कशाला?

त्याच २०१३ च्या मे महिन्यात राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांत मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण होता. क्लबने हात झटकले, सप्टेंबरात मंडळाने त्याच्यावर आजीवन बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले, तरी मंडळाची बंदी कायम राहिली. आता मालकांचे पहा. न्यायमूर्ती लोढा समितीने २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले, त्यांच्याशी संबंधित दोघांवर आजीवन बंदी घातली. ही कारवाई योग्य होती, धाडसाचीही होती. पण २०१८ मध्ये दोन्ही संघ वाजतगाजत परत आले आणि चेन्नईने तर त्याच वर्षी चषक उचलला. अंकितची बंदी कमी करून ७ वर्षांवर आणली गेली आणि ती संपली तेव्हा सप्टेंबर २०२० उजाडला होता. गोलंदाजाच्या आयुष्यातली सत्ताविसाव्या वर्षापासूनची सात वर्षे म्हणजे सगळीच वर्षे. तो धुतल्या तांदळासारखा होता असे आम्ही म्हणत नाही. संघाला दोन वर्षे आणि पोराला सात वर्षे, या तराजूचा काटा कोणी तपासला, एवढेच विचारतो.

मग येते २०१९. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांनी दूरचित्रवाणीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात स्त्रियांविषयी जी भाषा वापरली, ती या पानावर छापण्याजोगी नाही. दोघे पंचविशी-सव्विशीचे. त्यांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावले, निलंबित केले आणि साधारण दोन आठवड्यांत निलंबन उठवले. एप्रिलमध्ये लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. १० लाख निमलष्करी दलांच्या कर्तव्यावर मरण पावलेल्या दहा शिपायांच्या कुटुंबांना, १० लाख अंधांच्या क्रिकेटसाठी. दोन्ही कामे पुण्याचीच. पण गुन्हा होता स्त्रियांच्या अप्रतिष्ठेचा. मग त्या पैशातली एक कवडी तरी मुलींच्या क्रिकेटकडे, तालुक्याच्या मैदानावर साधी कपडे बदलायची खोली नसलेल्या मुलींकडे का वळली नाही? आणि या दोघांनी पुन्हा असे बोलू नये म्हणून त्यांना कोणी बसवून शिकवले काय? दंड भरला, पावती फाटली, प्रकरण मिटले.

याच प्रकरणात मुंबईच्या खार जिमखान्याने पंड्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलेले मानद सदस्यत्व काढून घेतले. क्लबने ताठ भूमिका घेतली म्हणून तेव्हा कौतुक झाले. पण त्याच खार जिमखान्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेमिमा रॉड्रिग्जचे मानद सदस्यत्वही रद्द केले. जेमिमाने काय केले होते? काहीही नाही. तिच्या वडिलांनी जिमखान्याच्या सभागृहात धार्मिक मेळावे भरवले असा काही सदस्यांचा आरोप होता. ते प्रार्थनेचे कार्यक्रम होते आणि क्लबच्या रीतसर परवानगीने झाले, धर्मांतराचा त्यात संबंध नव्हता, असे वडिलांनी स्पष्ट सांगितले. तरी शिक्षा मुलीला! स्त्रियांचा जाहीर अपमान करणाऱ्याला जी शिक्षा, तीच शिक्षा बापाच्या प्रार्थनेसाठी मुलीला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून याच मुलीने देशाला अंतिम फेरीत नेले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत जिमखान्याचे किती सदस्य होते कोण जाणे.

हे नवे नाही. पुण्यात पाळवणकर बाळू गोलंदाजी करीत होते तेव्हा मैदानावर त्यांचा चेंडू चालत असे, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा चर्मकार समाजातला माणूस हिंदू संघाचा कर्णधार कधी होऊ शकला नाही. १९२० मध्ये त्यांना डावलले तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. प्रस्थापितांनी तेव्हा त्याला बेशिस्त म्हटले नसते तरच नवल. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले ते या निषेधाच्या बळावर. कोणाचे वागणे शिस्त आणि कोणाचे बेशिस्त, हे ठरवण्याचा अधिकार या क्लबांनी स्वतःकडे ठेवला आणि तो कधी कागदावर उतरवला नाही.

‘बेशिस्त’ हा शब्द विनोद कांबळीइतका दुसऱ्या कोणाला चिकटला नसेल. कांजूरमार्गच्या वस्तीतला हा पोरगा. १९८८ च्या ६६४ धावांच्या भागीदारीत त्याच्या ३४९ होत्या, सचिनच्या ३२६. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत त्याने द्विशतके ठोकली. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. आणि शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी! उसळत्या चेंडूपुढे तो कमी पडला असे सांगतात, ते खरेही असेल. पण त्याच्या राहणीविषयी, कानातल्या बाळीविषयी, रात्रीच्या पार्ट्यांविषयी कुजबूज अधिक झाली. ती कुजबूज कुठल्या चौकशीपुढे आली? त्याला कोणी लेखी विचारले काय? एकविसाव्या वर्षी झोपडवस्तीतून पंचतारांकित हॉटेलात गेलेल्या पोराजवळ बसून कोणी सांगितले काय की बाबा, पैसा असा ठेव, दारू अशी टाळ? डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्याची खंगलेली मूर्ती पाहून सगळा महाराष्ट्र हळहळला. मदतीचे हातही पुढे आले. ते तीस वर्षे उशिरा आले. कांबळीच्या स्वतःच्या चुका नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. पण चूक करणाऱ्या तरुणाला सावरण्याची यंत्रणा असती तर त्याच्या चुका त्याला इतक्या महाग पडल्या नसत्या.

तीस वर्षांत यंत्रणा उभी राहिली काय? विरारहून लोकलने सरावाला येणारा पृथ्वी शॉ पहा. चौदाव्या वर्षी शालेय सामन्यात ५४६, २०१८ मध्ये युवा विश्वचषक विजेता कर्णधार. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील बंदी असलेल्या द्रव्यामुळे ८ महिन्यांची बंदी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तंदुरुस्ती आणि शिस्तीच्या कारणाने त्याला मुंबईच्या रणजी संघातून वगळल्याच्या बातम्या आल्या, पुढच्याच महिन्यात लिलावात त्याला कोणी घेतले नाही. त्याने २०२५ मध्ये महाराष्ट्राचा रस्ता धरला आणि ऑक्टोबरात चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकले. म्हणजे पोरात खेळ शिल्लक होता. मुंबईत सल्ला देणाऱ्यांची कमतरता होती असेही नव्हे. शिस्तीची कारवाई जाहीर झाली. सुधारण्याची वाट कोणती होती, ती कधी जाहीर झाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये क्रिकेट मंडळाने खेळाडूंसाठी दहा कलमी नियम काढले. दौऱ्यात सामान किती न्यायचे, कुटुंब किती दिवस सोबत ठेवायचे, खासगी स्वयंपाकी आणायचा की नाही! ऑस्ट्रेलियात सामने हरलो, त्याचा राग सुटकेसवर निघाला.

अमेरिकेतील बास्केटबॉलची एनबीए १९८६ पासून दर वर्षी नवख्या खेळाडूंना हंगामाआधी एकत्र बसवते. पैसा, व्यसन, स्त्रियांशी वागणूक, ओळखी काढून चिकटणारी माणसे यांविषयी त्यांना शिकवते. तिथली पोरेही गरीब वस्त्यांतली, बरीचशी काळी. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पण पोराला रातोरात श्रीमंत करणाऱ्यांवर त्याला जगायला शिकवण्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व तिथे चाळीस वर्षांपूर्वी मान्य झाले.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. ती जाळण्याजोगी होती, त्याचे एक मोठे कारण तिची दंडनीती. अपराध तोच, पण करणारा कोण आणि कोणाविरुद्ध केला यावर शिक्षा ठरायची. वरच्याला दंड, खालच्याला देहदंड. पुस्तक जळाले, हिशेब मात्र क्लबांच्या बंद खोल्यांत जिवंत आहे. आज त्यात जातीच्या सोबतीला पैसा, नाव आणि चालू हंगामातली कामगिरी आली. गावातही तेच. बड्या घरच्या पोराने जत्रेत हाणामारी केली तर ‘तरुण रक्त आहे, मस्ती आहे’, आणि बौद्धवाड्यातल्या, मातंग वस्तीतल्या किंवा मुसलमानाच्या पोराने केली की ठाण्यात नोंद. ती नोंद मग भरतीच्या वेळी, नोकरीच्या वेळी आडवी येते. एकाची मस्ती, दुसऱ्याचा गुन्हा.

आता जे लिहितो ते आमच्याच लोकांना कडू लागेल. व्यवस्था पक्षपाती आहे म्हणून आपल्या पोराचे सगळे माफ, असा हिशेब आम्हाला मान्य नाही. ‘आपला पैलवान’ म्हणून त्याच्या दंडेलीवर पांघरूण घालणारे गाव आणि लाखमोलाचा फलंदाज म्हणून गप्प बसणारा क्लब यांत फरक काय? खेळाडूच्या गैरवर्तनाचा बळी बहुतेक वेळा कोण असतो ते पहा. हॉटेलात काम करणारी बाई, तालमीत नव्याने आलेले पोर, रस्त्यावरचा रिक्षावाला, गावातली मुलगी. ही आपलीच माणसे आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. खेळातली व्यक्तिपूजा त्याहून घातक ठरते, कारण तिथे पूजा होते ती अजून अक्कलदाढही न फुटलेल्या पोराची. विसाव्या वर्षी ज्याच्या पायाला माणसे लागतात, त्याला ‘नाही’ हा शब्द ऐकायची सवय कशी लागणार?

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना खेळाडूंपासून आणि पदाधिकाऱ्यांपासूनही सांभाळावे लागते. २०२३ मध्ये महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध साधा गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. देशाला पदके देणाऱ्यांची ही कथा. मग तालुक्याच्या तालमीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीने कोणाकडे जायचे? कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था, मैदाने आणि स्पर्धेची ठिकाणे यांनाही लागू आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे तक्रार समिती सक्तीची आहे. जिथे नाही, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ज्या संस्था लाखोंची इनामे जाहीर करतात, त्यांच्या फलकावर या समितीच्या नावांसाठी एक ओळ जागा नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय संघटनांनी आचारसंहिता करावी, स्त्रिया आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण ठरवावे, तक्रारींसाठी व्यवस्था उभी करावी, वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण असावे, असे त्यात आहे. चांगले आहे. पण त्याचा भर राष्ट्रीय संघटनांवर आहे. आमच्याकडची तालीम, जत्रेची फड समिती, गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा भरवणारी मंडळे, कबड्डीचे संघ त्यातून सुटतात. पोरगे घडते आणि बिघडते ते याच पायरीवर. तेथे दिल्ली यायची नाही.

म्हणून करकंबपासूनच मागणी करतो. या भागातल्या प्रत्येक तालमीने, प्रत्येक फड समितीने एक पानाचा मराठीतला नियम लिहावा आणि तो आखाड्याच्या दारावर लावावा. इनाम रोख न देता खेळाडूच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावे. ते बापाच्या नको, वस्तादाच्या नको आणि रतीब लावणाऱ्याच्या तर मुळीच नको. एखाद्यावर आरोप आला तर सात दिवसांत त्याला लेखी विचारावे, त्याचे आणि तक्रार करणाऱ्याचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे. ऐकणाऱ्यांत एक बाई हवी, एक वकील हवा, आणि वस्ताद किंवा इनामदाता नको. चौकशी चालू असताना त्याला फडात उतरवू नये, पण त्याचा खुराक आणि सराव तोडू नये. शिक्षेचा तक्ता आधी लिहावा, खटला आल्यावर नको. शिक्षा संपली की परत घ्यावे, आणि त्या मधल्या काळात त्याला दहावी-बारावीच्या परीक्षेला बसवावे. पोलिसांत गेलेल्या प्रकरणात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्याला तो कायद्याने मिळतो. हा पत्ताही त्याच पानावर छापावा.

ग्रामपंचायतीने जत्रेच्या फडाला परवानगी देताना हे पान मागावे. पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल, इनामांचे आकडे छापलेली पत्रके त्याआधीच वाटली जातील. पत्रकाच्या मागची बाजू दर वर्षी कोरीच असते, नियम तिथे सहज मावेल.